मंगळ माझ्या छपरावरून

२ जून
आजपासून शिस्त. रोज अंधार पडला की छपरावर. एकच जागा, एकच कोन, मंगळाचा एक फोटो. दोन महिन्यांनी सगळे एकावर एक ठेवले की मंगळ कुठून कुठे गेला ती वाट दिसेल. कुनझेस आचे, म्हणजे कुनझेसताई, गावच्या आकाश-समितीच्या प्रमुख. त्यांनी जाहीर केलंय, ग्रहाची वाट जो टिपेल त्याला नवा टेलिस्कोप आणि पाहुण्यांना तारे दाखवायचं काम. म्हणजे मलाच.
नाहीतर सासरे टपलेलेच आहेत. आबा म्हणतात, माझे गुडघे गेले, यंदाच्या हिवाळ्यापासून शेळ्या जावयाने सांभाळाव्यात. चांगथांगच्या हिवाळ्यात शेळ्या! त्यापेक्षा मेलेलो बरा.

३ जून
ढग. शिस्त उद्यापासून.

५ जून
दिव्यांची तपासणी. गावात उघडा दिवा चालत नाही, ताऱ्यांवर पोट आहे आमचं. मी फार कडक. आबा शेळ्या घेऊन वर कुरणात निघाले. रात्री शेळ्या कोंडायच्या वाडग्यावर लांडगा येऊ नये म्हणून कंदील टांगतात, तारे फिके पडू नयेत म्हणून त्याला मी स्वतः लाल कापड गुंडाळून दिलं. म्हणाले, जावईबापू, लांडगा काय रंग बघून येतो का? जुनी माणसं. विज्ञान कळत नाही.

७ जून
मंगळ सापडला! पश्चिमेला, डोंगराच्या जरा वर. डोंगर अंधारात दिसत नाही, पण अंदाज असतो माणसाला. पुस्तकात लिहिलंय यंदा मंगळ फिका असेल. माझा चांगला ठसठशीत आहे. पुस्तकं लिहिणारे खाली सपाटीवरचे लोक, त्यांना काय दिसणार!
बायको म्हणाली, मंगळ तो नव्हे, डावीकडचा बारीक आहे तो. मी हसलो. बिचारी यांगडोल.

१९ जून
मंगळ वर सरकला. आजूबाजूला एकही तारा नाही. त्याच्या तेजापुढे फिके पडले असणार.
यांगडोलचं टुमणं, आबांना सातूचं पीठ पोचवून ये, एकदा तरी तोंड दाखव. म्हटलं, मंगळ माझ्यासाठी थांबायचा नाही. चिडून स्वतःच गेली. थुकपा करून ठेवला नव्हता. उपाशीपोटी फोटो काढला. विज्ञानासाठी लोकांनी काय काय सोसलंय.

१ जुलै
वक्री! मंगळ मागे फिरला!! पुस्तकात यंदा वक्री मंगळ नाहीच. चुकलं पुस्तक. आनंदाने यांगडोलला हाक मारली, तर ती म्हणे, वरचा झरा आटला, आबा शेळ्या घेऊन खाली वळलेत. या घरात आकाशावर बोलायची सोयच नाही.

९ जुलै
मंगळाशेजारी दुसरा लाल ठिपका. मंगळाचा चंद्र, आणि साध्या कॅमेऱ्यात! त्याला ‘यांगडोल’ नाव द्यायचं ठरवलं. तिला सांगितलं, तर म्हणाली, आधी शेणी आणून टाक. तिचं चित्त थाऱ्यावर नाही. वर लांडगा येऊन गेला, आबांनी लाल कापडात आणखी एक कंदील लावलाय म्हणे.

१८ जुलै
काल फोटो राहिला. सातूची छांग जरा जास्त प्यायलो. पण एखादा दिवस मंगळानेही सुट्टी घेतली असेल.

२ ऑगस्ट, दुपार
आज प्रदर्शन. सगळे फोटो कुनझेस आचेंकडे दिले, त्या कॉम्प्युटरवर एकत्र करून पडद्यावर दाखवणार. आबाही खाली आलेत. बरं झालं. शेळ्यांचा विषय आज कायमचा मिटेल.

२ ऑगस्ट, रात्र
लिहावंसं वाटत नाही.
इतके फोटो एकत्र आल्यावर डोंगराची कड स्पष्ट उमटली. मंगळ, त्याची वाट, त्याचा चंद्र, सगळं कडेच्या खाली. कुनझेस आचेंनी पडद्याजवळ जाऊन पाहिलं. मग म्हणाल्या, नुरबू, मंगळ डोंगराच्या अलीकडे आला कसा रे?
मी सांगणार होतो, काहीतरी सुचलं असतं. तेवढ्यात आबा उठून ओरडले, अरे, हे तर माझं वाडगं! पडद्यावर बोट ठेवून सांगायलाच लागले. इथं मुक्काम केला, इथून मागे वळलो, हा लांडग्याच्या रात्रीचा दुसरा कंदील. माणसं हसून हसून लोळली. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.
आणि आबांनी माझे दोन्ही हात धरले. डोळे भरलेले. म्हणाले, हा पोरगा वर फिरकत नाही म्हणून मी लेकीपाशी याला शिव्या घालायचो. आणि हा रोज रात्री थंडीत छपरावर उभा राहून माझ्या दिव्याकडे बघत होता! सख्खा मुलगा असता तरी इतकं करता ना.
म्हाताऱ्या डोळे पुसायला लागल्या. मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. मिटलं. कसं सांगणार? लाज वाटली, पहिल्यांदाच.

३ ऑगस्ट
टेलिस्कोप यांगडोलला मिळाला. मी छपरावरून उतरलो की ती माझ्याच कॅमेऱ्याने त्या डावीकडच्या बारीक ठिपक्याचे फोटो काढायची म्हणे. तोच निघाला मंगळ.
आबांनी सगळ्यांदेखत माझ्या गळ्यात मानाचं पांढरं वस्त्र, खताग, घातलं आणि म्हणाले, एवढी माया असलेल्या माणसाच्या हातीच शेळ्या द्यायच्या, कळप आजपासून तुझा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाही म्हणता आलं नाही.
उद्या पहाटे निघतो. हिवाळा तसा काही फार नसतो. वर आकाश जास्त स्वच्छ, अभ्यासाला उलट बरंच. यांगडोलने पीठ बांधून दिलं आणि म्हणाली, कंदील रोज वेळेवर लाव, झोपलास तर मला इथून टेलिस्कोपातून कळेल.