डब्यातले चार दाणे

बाबा,

काल इथे इंग्लंडात, श्रूजबरीला, लेकाच्या स्वयंपाकघरात, सिंकपाशी उभी राहून मी रडले. पंचाहत्तरीच्या बाईला शोभेल असं काही ते नव्हतं. आपण आफ्रिकेतल्या ज्या देशात राहायचो, तिथल्याच एक आजीबाई आमच्या शेजारी आहेत. गेल्या आठवड्यात त्यांना पुरणपोळ्या दिल्या होत्या. काल सूनबाईने हाक मारली, "आई, शेजारच्या आजी डबा रिटर्न करायला आल्यात!" उघडला तर तळाशी भाजलेले शेंगदाणे. लहानपणच्या मोडक्यातोडक्या स्वाहिलीत मी म्हटलं, आमच्यातही डबा रिकामा परत करत नाहीत. त्या हसल्या. "अहो, आमच्या नेत्याने तर तुरुंगातूनसुद्धा तो रिकामा परत केला नाही!"

मग त्यांनी तिथल्या पोराटोरांना पाठ असलेली गोष्ट सांगितली. तो खेड्यातला मास्तर. सायकलवरून गावोगाव जायचा आणि हा देश आपला आहे, असं लोकांना सांगायचा. गोऱ्या सरकारने त्याला धरून, आपण राहायचो त्याच गावच्या तुरुंगात घातलं. काळ्या कैद्यांना मक्याची पातळ पेज मिळायची, आणि हा तर आजारी. तिथला एक हिंदी कारकून स्वतःच्या जेवणाचा डबा गुपचूप त्याच्या कोठडीत सरकवायचा. पकडला गेला असता तर नोकरी जाऊन तोही आत बसला असता. कैद्याला आठवड्याला मूठभर शेंगदाणे मिळत. त्यातले चार तो रोज डब्यात टाकून परत द्यायचा. देश स्वतंत्र झाला, तो राष्ट्राचा प्रमुख झाला, आणि अगदी म्हातारपणी त्याने स्वतःच हे सांगितलं. कारकुनाचं नाव काही त्याला माहीत नव्हतं.

त्या तुरुंगात हिंदी कारकून एकच होता, बाबा.

तेव्हापासून आपलं तिथलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्ही संध्याकाळी येता, सायकल भिंतीला टेकवता आणि डबा माझ्या हातात देता. उघडायचा मान माझा. आत चार दाणे असतात, ते मी उभ्याउभ्या खाऊन टाकते. आई म्हणते, "डबा चाटूनपुसून रिकामा, मग अंगाला कसा लागत नाही तुमच्या?" दुसऱ्या दिवसापासून ती चौथी पोळी घालते. तीही जाते, आणि तुमचा पट्टा आणखी एक भोक आत जातो. दाणे कुठले, असं मी एकदा विचारलं होतं. "एका मित्राने दिले," म्हणालात. मला वाटलं, कचेरीतला कुणी असेल.

झेंडा वर चढला तेव्हा मी तेरा वर्षांची होते. शाळेत मुली म्हणाल्या, तुझा बाप गोऱ्यांच्या तुरुंगात नोकर. मी तणतणत घरी आले आणि तुमच्या तोंडावर म्हणाले, "त्यांना कोंडणाऱ्यांचं मीठ खाल्लंत तुम्ही. मला तुमची लाज वाटते." आईचा हात उठला, तुम्ही तो वरच्या वर धरलात. "बोलू दे तिला. मीठ खाल्लंय हे खरंच आहे." एवढं बोलून तुम्ही चपला घालून बाहेर गेलात. एका वाक्यात माझं तोंड बंद करता आलं असतं तुम्हाला. का नाही केलंत? इतका भला माणूस घरात असणं बरं नव्हे, बाबा. मागे राहिलेल्यांचे हाल होतात. पुढे आपण पुण्याला परत आलो, माझं लग्न झालं, तुम्ही गेलात, आणि ते बोलणं मी कधी मागे घेतलं नाही. आज घेते. फार उशीर झाला आहे, पण घेते.

शेजारच्या आजींना अजून सांगितलेलं नाही की तो कारकून माझे बाबा. अभिमानाने सांगायला गेले तर ते लाजेचं वाक्यही सांगावं लागेल. उद्या डबा भरून जाईन, तेव्हा दोन्ही सांगेन म्हणते.

हे पत्र कुठे धाडायचं तेही ठाऊक नाही. लिहायला बसताना त्यांच्या शेंगदाण्यांतले चार तुमच्यासाठी वाटीत काढून ठेवले होते. इतक्या वर्षांत तुम्हाला एकदाही विचारलं नव्हतं, की बाबा, तुम्हाला हवाय का एखादा. खरं सांगायचं तर लिहिता लिहिता त्यातले दोन मी खाल्ले.