सुरभीविरुद्ध माझं भाषण

२३ जानेवारी २०२५, गुरुवार

आजपासून सूड.

पुढे आत्मचरित्र लिहिताना तपशील हाताशी असावेत म्हणून सविस्तर लिहितो. आमचं सेंट ब्लेझ कॉलेज एवढंसं. पेणच्या बाहेर, वडखळच्या रस्त्याला, भातशेतीच्या मधोमध. कोणी शिंकलं तर तिन्ही वर्षांच्या वर्गांना कळतं. दर गुरुवारी दुपारी हॉलमध्ये सभा भरते. आज मी ‘वाचन आणि क्रांती’ या विषयावर बोललो. रोमन सिनेट, फ्रान्समधला तुरुंग, मिठाचा सत्याग्रह, सगळं एका दमात. शेवटी टेबलावर मूठ आपटली. ग्लास पडला. योग्य क्षणी पडला.

टाळ्यांची वाट बघत होतो. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली सुरभी उठली. जिते गावाजवळच्या मिठागरवाल्यांची मुलगी. म्हणाली, छान बोललास महिपती, पण म्हणणं काय हाय तुझं?

हॉल हसला. प्रिन्सिपल फादर रेबेलो हसले. कोपऱ्यातला शिपाई काळुराम हसला, त्याला तर प्रश्नही ऐकू आला नसेल.

हे मी विसरणार नाही.

२४ जानेवारी

संकल्प. एक, रोज पाचला उठून आवाजाची साधना. दोन, सुरभीशी एक शब्दही बोलायचा नाही. तीन, तिला भरसभेत असं हरवायचं की ती पुढच्या जन्मी मुकी होऊ दे म्हणून नवस करेल.

२५ जानेवारी, सकाळी ९.४०

उठलो. शनिवारी साधना नको असं ठरवलं.

२८ जानेवारी

तत्त्वज्ञानाच्या नोट्स सुरभीकडून घेतल्या. वर्गात दुसऱ्या कोणाच्या वाचता येत नाहीत. बोललो नाही, फक्त हात पुढे केला. ती म्हणाली, तोंडाला काय झालं? मी मान फिरवली. परत तिच्याकडेच वळवावी लागली, कारण नोट्स अजून तिच्या हातात होत्या.

याला शत्रूचा दारूगोळा पळवणं म्हणतात.

३० जानेवारी, गुरुवार

नियती माझ्या बाजूने आहे.

आजच्या सभेत सुरभीने ठराव मांडला. पहिला तास साडेसातऐवजी नऊला ठेवावा, आणि गाडीने येणाऱ्यांची पहिल्या तासाची आत्तापर्यंतची गैरहजेरी माफ करावी. तिचं म्हणणं असं: जित्याहून तिला मिळणारी गाडी पेणला येते तेव्हा पहिला तास संपत आलेला असतो. काळुराम वर्गाचं दार लावून घेतो. हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली आहे. मार्चच्या परीक्षेला बसता येणार नाही. वर्ष गेलं तर घरचे पुन्हा पाठवणार नाहीत.

फादर म्हणाले, सभा तेरा तारखेला ठरवेल आणि सभा ठरवेल ते मी करीन. विरोधात कोण बोलणार?

मी उभा राहिलो. इतक्या जोरात की खुर्ची पडली.

हॉस्टेलवर माझा रूममेट प्रणित म्हणाला, अरे माईक, (मला वर्गात माईक म्हणतात, आदराने) तू स्वतः साडेसातला कधी गेलायस? हॉस्टेलच्या खिडकीतून वर्ग दिसतो आपल्याला!

मी त्याला समजावलं. माझा उशीर हा वैयक्तिक स्वातंत्र्याचा भाग आहे. तिचा उशीर ही शिस्तीवरची धाड आहे. प्रणितला तत्त्व कळत नाही. तो कॉमर्स सोडून आलेला आहे.

१ फेब्रुवारी

एक अडचण. क्षुल्लक.

आमच्या सभेत संस्थापक फादरांनी घालून दिलेला नियम आहे. विरोध करणाऱ्याने आधी समोरच्याची बाजू मांडायची. तीही समोरच्याकडे तोंड करून, आणि तो ‘मान्य’ म्हणेपर्यंत. त्यानंतरच घंटा वाजते आणि स्वतःची बाजू सुरू करता येते. फादर म्हणतात, ज्याला शत्रूचं म्हणणं सांगता येत नाही, त्याला शत्रूचा राग करायचा हक्क नाही.

मला राग करायचा पूर्ण हक्क हवा आहे. म्हणून तिची बाजू दोन मिनिटांत गुंडाळून, उरलेला सगळा वेळ तिचा चेंदामेंदा करायचा असं ठरलं आहे.

३ फेब्रुवारी

संत ब्लेझचा सण. हा घशाचा संत. फादरांनी चॅपलमध्ये दोन मेणबत्त्यांची फुली करून एकेकाच्या गळ्याशी धरली आणि प्रार्थना म्हटली. आमच्याकडे हिंदू-ख्रिश्चन सगळे रांगेत उभे राहतात. आमच्या खांब गावाहून आईचासुद्धा फोन आला होता, गळा करून आलास का रे?

मी डोळे मिटून संताकडे एकच मागितलं. तेराला हा गळा तलवारीसारखा चालू दे.

माझ्या मागे सुरभी उभी होती. तिनेही काहीतरी मागितलं असणार. एकाच संताकडे दोन्ही पक्षांनी अर्ज करणं मला योग्य वाटत नाही.

५ फेब्रुवारी

प्राचीन ग्रीसमध्ये वक्ते तोंडात खडे धरून बोलण्याचा सराव करत. खडे स्वच्छ नव्हते म्हणून खडीसाखर घेतली. विरघळली. भाषण गोड झालं. सुडाला उपयोगाचं नाही.

७ फेब्रुवारी

तिच्या बाजूचा मसुदा लिहिला: ‘सुरभीला लवकर उठवत नाही.’ प्रणितला वाचून दाखवला. तो म्हणाला, ती मान्य म्हणेल का याला? मग तू तिथेच उभा राहशील मे महिन्यापर्यंत.

म्हणून ठरवलं. सेनापती लढाईच्या आधी शत्रूचा मुलूख पाहून येतो. सुरभीला सांगितलं, सोमवारी पहाटे मी तुझ्या घरी येतो, मला तुझा खोटेपणा बघायचाय. ती म्हणाली, ये. रविवारी संध्याकाळच्या गाडीनेच ये, पहाटे तुला कोण उठवणार? काकाच्या घरी झोप.

१० फेब्रुवारी, सोमवार

संपूर्ण वृत्तांत.

अंधार असतानाच तिच्या काकाने पांघरूण ओढलं. मिठागरावर गेलो. मिठाचे दिवस आहेत. ऊन चढायच्या आत कोंड्यांमधलं, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या वाफ्यांमधलं मीठ ओढून बांधावर ढीग घालायचे असतात. सुरभी आणि तिची आई चंद्रावती लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढत होत्या. मी म्हटलं, मला द्या, बघतो. चार ओढण्यांत तळहाताची सालं गेली. त्यात मीठ गेलं. मी जे ओरडलो त्यावर चंद्रावती म्हणाली, बाय गो, याचा आवाज दांडगा हाय, बगळं उडालं बघ सगळं!

मग तिने तांदळाची भाकर आणि बोंबलाचं कालवण वाढलं. म्हणाली, खा रे पोरा, पोरीसाठी आलास नं? मी सांगितलं, काकू, मी तिच्या विरुद्ध आलोय. ती म्हणाली, व्हय, तरी खा.

स्टेशनला जायला खाडीचा बांध. एका पायाची वाट. सुरभी पुस्तकं डोक्यावर घेऊन भराभर चालत होती. मी चिखलात गेलो, गुडघ्यापर्यंत. एक चप्पल तिथेच राहिली. ती म्हणाली, राहू दे, माझ्यापण दोन हायत तिकडं. रोज धावतच गाडी पकडावी लागते. याआधीची गाडी धरायची तर मीठ कोण ओढणार?

पेण स्टेशनावरून पळत कॉलेजला आलो. वर्गाचं दार बंद. काळुराम म्हणाला, नियम हाय. मी काचेतून आत बघितलं. फादर हजेरी घेत होते. तास संपताना पुन्हा घेतात, पळून जाणाऱ्यांसाठी. सुरभीचं नाव आलं. ती बाहेरून हळू म्हणाली, प्रेझेंट. कोणाला ऐकू जाणार?

माझं डोकं इतकं तापलं की दारावर लाथ मारावीशी वाटली. एका पायात चप्पल नव्हती म्हणून मारली नाही.

हा संताप वाया जाऊ द्यायचा नाही. पूर्णच्या पूर्ण सुरभीविरुद्ध वापरणार.

१२ फेब्रुवारी

तयारी परिपूर्ण. माझी बाजू: शिस्त, सैन्य, मधमाश्या, सूर्य रोज वेळेवर उगवतो इत्यादी. उद्या संध्याकाळी ती रडेल. मी रुमाल देईन. रुमाल धुवून ठेवला आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शांतपणे लिहितो.

हॉल गच्च. सुरभी समोर उभी. मी सुरू केलं, सुरभीचं म्हणणं आहे की गाडी उशिरा येते.

ती म्हणाली, नाय. गाडी तिच्या टायमाला येते.

पुन्हा सुरू केलं, सुरभीचं म्हणणं आहे की तिला घरी काम असतं.

नाय. काम सगळ्यांनाच असतं.

कोणीतरी मागून म्हणालं, माईक, घंटा मेपर्यंत वाजायची नाय! हशा. आणि त्या हशाने माझ्यातला वक्ता पेटला. पुढचं सगळं त्या हसणाऱ्यांमुळे झालं, हे इथे नोंदवून ठेवतो.

मी म्हणालो, मग ऐका तिचं म्हणणं! आणि सांगितलं. अंधारातलं मीठ. चिरलेले तळवे. एका पायाची वाट आणि चिखलात गेलेल्या चपला. ही मुलगी तुमच्याआधी उठते, तुमच्याआधी राबते, तुमच्यापेक्षा जास्त धावते आणि तुम्ही तिला आळशी ठरवता? जी काचेबाहेर उभी राहून स्वतःच्या नावाला ओ देते, ती गैरहजर, आणि जो बाकावर डोकं टेकून घोरतो, तो हजर? हे कॉलेज शिकवण्यासाठी बांधलंय की दार लावण्यासाठी? या वेळी मूठ आपटली. ग्लास आधीच उचलून ठेवला होता कोणीतरी.

फादरांनी चष्मा काढून पुसला. काळुराम खाली बघत होता. सुरभी म्हणाली, मान्य.

घंटा वाजली. आता माझी बाजू. मी म्हणालो, परंतु मधमाश्या...

पहिल्या रांगेतून प्रणित म्हणाला, बस कर ना आता.

मी बोललो तरीही. दोन वाक्यं. कोणती ते आठवत नाही. नंतर सुरभीला ठरावाच्या बाजूने बोलायला बोलावलं. ती म्हणाली, मला काय बोलायचं नाय, यानं सगळं बोललंय. आणि बसली.

हात वर झाले. सगळे. ठरावाच्या बाजूने. माझाही झाला होता, भाषणाच्या आवेशात वरच राहून गेला होता.

निष्कर्ष: सभेने मत तिच्या ठरावाला दिलं, पण टाळ्या मला दिल्या. तांत्रिकदृष्ट्या मी जिंकलो आहे. रुमाल मात्र फादरांना द्यावा लागला.

१४ फेब्रुवारी

आज व्हॅलेंटाइन डे; तेरा तारखेला उभं राहायचं कबूल करण्याआधी मी विचार करायला हवा होता. सगळ्या कॉलेजला वाटतंय की मी ते प्रेमापोटी बोललो. कॅन्टीनमध्ये कोणीतरी माझ्या चहाबरोबर गुलाब ठेवला. मी उभं राहून जाहीर केलं, हा द्वेष आहे, शुद्ध द्वेष! मुली म्हणाल्या, हाऊ स्वीट.

१५ फेब्रुवारी

चंद्रावतीकाकू कॉलेजात आल्या. हातात सुकटीची पिशवी. लायब्ररीत माझ्यासमोर ठेवली. वास थेट इतिहासाच्या कपाटापर्यंत गेला.

म्हणाल्या, पोरा, माझी पोरगी परीक्षेला बसते, तुझ्यामुळं. मी स्पष्ट केलं, काकू, मी विरोधी पक्षात होतो, तिला धुळीला मिळवायचा माझा निश्चय होता. त्या सुरभीकडे वळून म्हणाल्या, लाजतंय बघ गो कसं!

जाताना सुरभी म्हणाली, चिडू नको. एक सांगू? तू स्वतःचं बोलायला जाऊच नको. समोरच्याचं बोल. तेच तुला जमतंय.

सूड आता दुप्पट.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून पहिला तास नऊला. गाडीच्या मुलामुलींची गैरहजेरी माफ झाली. फादरांनी मला ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, आंतरकॉलेज स्पर्धेसाठी.

ते म्हणाले, महिपती, तुझी हजेरी एकतीस टक्के आहे. परीक्षेला बसता येणार नाही.

मी म्हणालो, फादर, पण ठराव झालाय. गैरहजेरी माफ.

ते म्हणाले, गाडीने येणाऱ्यांची. तुझी कुठली गाडी?

मी खिडकीबाहेर बघितलं. समोर हॉस्टेल होतं. माझा टॉवेल वाळत होता.

फादर मनाने वाईट नाहीत. त्यांनी मार्ग काढला. परीक्षेपर्यंत रोज माझ्यापुरता एक वेगळा तास घेऊन भरपाई करून देणार आहेत. मी वेळ विचारली. ते म्हणाले, तुझंच म्हणणं मी मान्य केलंय.

१८ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

वर्गात मी आणि फादर. बाकी बाक रिकामे. काळुरामने दार लावून घेतलं.

फादरांनी रजिस्टर उघडून माझं नाव घेतलं. मी प्रेझेंट म्हणालो.

फादर म्हणाले, जरा मोठ्याने बोल. ऐकू आलं नाही.