फुलपाखरांना बालपण नसतं

२५ ऑक्टोबर
म्हातारे, म्हणजे माझी मीच, पुढच्या वर्षी ही वही वाचून घेताना तू म्हणशीलच, असं मी कुठे बोलले? बोललीस. गेल्या वर्षीची वही कुठे ठेवलीस, आठवतंय? मग गप्प ऐक.
मी सांगतेय, सून रेमेदिओस लिहितेय. सांगीन तेवढंच लिहायचं, अशी तिला ताकीद.
हे जाऊन दोन वर्षं झाली. आता डोंगरावर फुलपाखरं बघायला येणाऱ्यांना फिरवायचा ह्यांचा गाइडचा बिल्ला मी घेणार. घराला एकच मिळतो. घरातलं कोणी पास झालं नाही, तर तो धाकट्या दिराच्या, नाबोरच्या घरी जाईल. परीक्षा तोंडी. तोंडाची मला कधी कमी पडलेली नाही.

२७ ऑक्टोबर
रेमेदिओसने गाइडांचं पुस्तक आणलं. वाचून दाखवू का म्हणाली. मी म्हटलं, ज्यांना माहीत नसतं त्यांनी वाचावं. ती एकटीच वाचत बसली. घेवडा करपला.
निश्चय : उद्यापासून रोज डोंगर चढायचा.

२८ ऑक्टोबर
ढग होते.

२९ ऑक्टोबर
ढग नव्हते. गुडघा होता.

१ नोव्हेंबर
मेलेली माणसं घरी यायचा दिवस. बरोब्बर आली! एक फुलपाखरू थेट ह्यांच्या फोटोवर बसलं. दरवर्षी हेच येतं. नाबोर म्हणाला, वहिनी, दादा तर दोन वर्षांपूर्वी गेले, तुम्ही त्याआधीपासून हेच म्हणताय. मी म्हटलं, तेव्हा सासरे यायचे.

१० नोव्हेंबर
परीक्षा. शहरातून आलेल्या पोरसवदा बाईने पट्ट्यापट्ट्यांच्या अळीचं चित्र दाखवलं. मी म्हटलं, ही आमच्या गावची नाही. ती म्हणाली, आजी, हे फुलपाखराचं लहानपण. मी म्हटलं, बाळ, साठ हिवाळे बघतेय. इथे ना अंडं, ना अळी. मोठीच येतात. मेलेल्या माणसांना कसलं बालपण?
ती म्हणाली, बालपण उत्तरेत जातं. मार्चमध्ये इथून निघालेली वाटेतच अंडी घालून मरतात. परत येतात ती त्यांची पतवंडं, हा डोंगर कधी न पाहिलेली.
मग फोटोवर कोण बसलं होतं, असं मी विचारलं. बाईने कागदावर काहीतरी खरडलं. पेपर झकास गेला.

१२ नोव्हेंबर
मी नापास. नाबोरही नापास. रेमेदिओस पास, वीसपैकी वीस. कधी जाऊन बसली परीक्षेला, देव जाणे. बिल्ला घरातच राहिला, म्हणजे मीच जिंकले. लिहिताना हसू नकोस गं.

१५ नोव्हेंबर
गावच्या सभेने मला मोठ्या जबाबदारीचं काम दिलं. वर झाडांखाली ‘शांतता राखा’ अशी पाटी धरून बसायचं. दोन तास उलटी धरली होती. कोणी सांगितलं नाही, बोलायला मनाई ना. बोलत होते ती मी एकटीच. ह्यांना हळूच विचारलं, तुम्ही, की तुमचं पतवंड? झाडभर फुलपाखरं, एकानेही ओ दिली नाही. जिवंतपणी तरी कधी दिली?
असो. रेमेदिओस, तू बिल्ला लावून खाली डोंगराच्या फाटकावर असशील, उद्या दुपारी घोडेवाल्याबरोबर वर डबा पाठव. निळ्या मक्याच्या भाकरी चार, घेवडा न करपलेला, मिरची सढळ हाताने. पेज नको, लघवीला खाली उतरायला अर्धा तास लागतो. आणि भोपळ्याच्या गोड फोडी दोन, एक माझी, एक पतवंडांची. ती खात नाहीत, ठाऊक आहे. तरी दोनच पाठव.