मांडणीवरचे एकोणीस कागद

गेल्या सोमवारी मालवाहतूकवाल्याने एक खोके दारात आणून टाकले. आत निघाले ते असे: यांचा थर्मास (झाकण नाही), कानटोपी एक, चष्म्याचे रिकामे घर, चौकशीच्या कागदांची फाइल, आणि यांच्या प्रयोगशाळेने 'सेवेच्या गौरवार्थ' पाठवलेली शिशाची वीट. भाडे माल घेणाऱ्याने भरायचे होते. विटेच्या वजनाने ते तिप्पट झाले. गौरव त्यांनी करायचा आणि हमाली आम्ही भरायची!

ते भाडे भरून, फाइल वाचून, दोन दिवस देवापुढे बसून मी हे मृत्युपत्र लिहायला घेतले आहे. वय एकाहत्तर, शिक्षण मॅट्रिक, काम घरचे. बुद्धी शाबूत आहे, गुडघे नाहीत. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणायला घरात आता आहे कोण? यापूर्वी मृत्युपत्र केलेले नाही. पुन्हा करण्याची हौस नाही.

कलम एक. राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, आणि बँकेतली ठेव थोरला मुलगा व धाकटी मुलगी यांना निम्मी निम्मी. 'ती कुठे इथे राहायला येणार आहे?' असे थोरल्याने विचारू नये. तो तरी कुठे येतो?

कलम दोन. शिवणयंत्र खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना ठेवायचे होते. पण त्या साक्षीदार, आणि साक्षीदाराला काही ठेवू नये म्हणतात. म्हणून ते आज सकाळीच त्यांना देऊन टाकले. विषय संपला.

कलम तीन. यांचे पाने, पकडी, मल्टिमीटर थोरल्याला. वापरायचे नसेल तर गंजवू नये.

कलम चार. शिशाची वीट ती पाठवणाऱ्या यांच्या चष्मेवाल्या साहेबांना परत. भाडे त्यांनी भरावे.

कलम पाच. हे नीट वाचावे.

हे बत्तीस वर्षे अणुभट्टीशेजारच्या तळघरात एक यंत्र सांभाळत होते. भट्टीतून न्यूट्रिनो नावाचे कण निघतात. ते भिंतीतून, माणसांतून आरपार जातात. यंत्रात एखादाच सापडतो. हिशेबाने दिसायला हवेत त्याहून ते थोडे कमी दिसत. उरलेले वाटेत रूप बदलून कोणत्याच यंत्राला न दिसणारे असे काही होतात का, हा यांचा शोध. त्या न दिसणाऱ्याला वांझ म्हणतात. हा शब्द मी घरात उच्चारू दिला नाही. तीन प्रकार आधी सापडलेले, म्हणून आमच्याकडे तो 'चौथा'.

मी देवापुढे बसले की हे हसायचे, "दिसत नाही त्याला एवढी फुले?"

"अहो, तुमचा चौथा तरी कुठे दिसतोय? आणि माझ्या देवाला विजेचं बिल येत नाही."

एकदा जेवताना मी म्हटले, "घरात पैसे कमी भरले तर मी आधी चोर शोधत नाही, वरची बेरीज तपासते. तुमचा मुळातला अंदाजच जास्त असेल तर?" पुढे मोठमोठ्या विद्वानांनीही तीच शंका काढली. मी आधी काढली होती, याची इथे नोंद व्हावी.

दरवर्षी इंधन बदलायला भट्टी बंद होई. सगळी वसाहत रजेवर, आणि आमचे हे तळघरात! कारण भट्टी बंद असताना यंत्रात जे दिसते ते बाहेरचे, आकाशातून आलेले. ते वजा केल्याशिवाय भट्टीचे किती हे कळत नाही. म्हणजे भट्टी चालू तेव्हा काम, आणि बंद तेव्हा दुप्पट काम. थोरल्याच्या लग्नात हे जेवणापुरते आले.

शेवटच्या वेळी भट्टी एकोणीस दिवस बंद होती. आकडे यंत्रात होते; पण कोणत्या तासाला कोणती नळी रुसली, खोली किती तापली, हे यांनी रोज एका मोठ्या कागदावर हाताने लिहिले. त्याशिवाय ते आकडे फुकट. सुवाच्य उतरवून काढतो म्हणून गठ्ठा घरी आणला आणि माळ्यावर टाकला. मी महिनाभर वाट पाहिली, गठ्ठा हलला नाही, रद्दी समजले. जाड, एका बाजूने कोरे कागद. मांडणीला कागद हवाच होता. सोळा मांडणीला लावले, तीन कपाटाच्या खणांत. लिहिलेली बाजू खाली, कोरी वर. होय, मी.

पुढे हरवलेल्या कागदांवरून चौकशी बसली; कोणत्या, ते यांनी घरी सांगितले नाही. मी बाजारातून आले तर डबे सगळे जमिनीवर, एक बरणी फुटलेली, आणि हे मांडणीचा कागद उचलून उभे.

"अहो, कालच पुसून लावलं होतं ना सगळं!"

"कागद छान बसवलेस गं. एक सुरकुती नाही," म्हणाले, आणि डबे होते त्याच क्रमाने परत लावले. ज्या माणसाला मिठाचा डबा कधी सापडला नाही, त्याचा त्या दिवशी एकही चुकला नाही.

फाइलमध्ये यांच्या अक्षरात एकच ओळ आहे: 'कागद माझ्याकडून गहाळ झाले.' खाली तारीख. माझ्या खर्चाच्या वहीत नवी बरणी त्याच्या आदल्या दिवशी आहे. म्हणजे कागद डोळ्यांनी पाहून मग हे लिहिले.

कागद काढले असते तर मी विचारले असते, आणि मला कळले असते. म्हणून काढले नाहीत. वसाहत मला हसली असती, बस. अहो, हसली असती तर हसली असती! बत्तीस वर्षांचे काम मातीत घातलेत आणि रोज त्याच मांडणीसमोर बसून चहा प्यायलात. एकदा तोंड भरून भांडला असतात तर काय बिघडले असते?

धाकटी त्याच कामात, दुसऱ्या भट्टीवर. तिने फोनवर सुनावले, "बाबा, एकोणीस दिवसांचे कागद कोणी हरवतं का? इथे मला मान खाली घालावी लागते."

"हो बाई, चुकलंच," एवढेच हे बोलले. मी कचेरीत हरवलेले कागद समजले. नंतर ती आली नाही. वर्षभरात हे गेले.

तरी ते एकोणीस कागद मी धाकटीला देत आहे. तिने ते स्वतःच्या हाताने काढावेत, ओढू नयेत, टाचण्या आहेत. तेलाचे डाग वरच्या बाजूला आहेत. कोपरा उचलून पाहिला, अक्षर स्वच्छ आहे. चौकशीवाल्यांना कागद दाखवून 'गहाळ' हा शब्द खोडून घ्यावा. कोणी लावले विचारल्यास माझे नाव सांगावे, लाजू नये.

हे सर्व मी वाचून, समजून सही केली आहे.
सही: लिहून ठेवणारी.
साक्षीदार: शिंपीणबाई, खालचा मजला (सही). औषधवाले, कोपऱ्यावरचे दुकान (सही).
ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर. तारीख चौदा, गुरुवार.

ता. क. धाकटे, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात हे मला कळते. पण कलम पाच तोवर डब्यांखाली ठेवणार नाही, म्हणून ही नक्कल रजिस्टरने पाठवते आहे. बाबांना बोललीस ते मला बोलायला हवे होते, येऊन बोल. तुमची भट्टी पुढच्या महिन्यात बंद होते, तेव्हा तू यायची नाहीस, हे मला कोणी शिकवायला नको. चालू आहे तोवर ये. डबे तू उतरवायचेस, माझे गुडघे चालत नाहीत. तिकीट लावलेला लिफाफा सोबत आहे, वाया घालवू नकोस. कोणत्या तारखेला येतेस ते उलट टपाली कळव.