सात वेळा पाहिलेलं बार्सिलोना

मरीन परेड, सिंगापूर
२४ जून १९९६

तीर्थरूप आईंना,

अनुजाचा वाकून नमस्कार. बार्सिलोनाहून आम्ही तिघं सुखरूप परतलो. तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढत नाही ना?

"माझी बोट तिथे सात वेळा लागली, नकाशा कशाला?" असं म्हणत तुमचे चिरंजीव पुढे निघाले आणि दुसऱ्याच गल्लीत चुकले. काय गजबजलेलं शहर! भर रस्त्यात वाजवणारे, नाचणारे, आणि आम्ही फिरून फिरून त्याच फुलवालीपाशी. आपली तन्वी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत ओरडली, "बाबा इज लॉस्ट, लाह!" मी हसत सुटले.

मग हे विचारत विचारत आम्हाला बंदराच्या फाटकाशी घेऊन गेले आणि तिथला फोनबूथ दाखवला. "मी एवढंच बघितलंय. इंजिनचं काम आटपून उतरायचं, रांगेत उभं राहून आईला फोन करायचा आणि परत बोटीवर." तुम्हाला सांगितलेल्या भटकंतीच्या सगळ्या गमती सोबत्यांकडून ऐकलेल्या होत्या.

त्या दिवशीचा फोनही तिथूनच केला. शहर कसं आहे, असं तुम्ही विचारलंत. "आज पहिल्यांदाच बघतोय," असं हे म्हणाले आणि तुम्ही खूप हसलात.

ती थट्टा नव्हती, आई.

तुमची,
अनुजा