दुसऱ्या डॉक्टरकडे

आई, काल मी धुळ्याला जाऊन आले. बस पारोळ्यावरून गेली, पण मी उतरले नाही. आता तिथं आपलं कुणी नाही.

माझं हृदय हल्ली मधूनच एकदम पळायला लागतं. फळ्यावर लिहिताना, भाजी चिरताना, कधीही. गोळ्यांनी थांबेना, तेव्हा जळगावचे डॉक्टर म्हणाले, मांडीतल्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेऊन तिथली चुकीची वाट जाळून टाकावी लागेल. 'जाळून' म्हटल्यावर पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. हे म्हणाले, "अजून एकाला दाखवू." मला ते अवघड वाटलं. इतकी वर्षं ज्यांच्याकडे जाते, त्यांच्याकडे दुसरीकडे दाखवण्यासाठी कागद कसे मागायचे? मी चाचरतच मागितले. त्यांनीच फाइल पुढं केली. "अवश्य जा. माझ्या बहिणीलाही मी हेच सांगितलं असतं."

हे अवघडलेपण तुझं आहे, आई. लहानपणी तापात मी डॉक्टरांना विचारलं होतं, हे इंजेक्शन कशाला? बाहेर आल्यावर तू माझा दंड घट्ट धरलास. "डाक्टरले असं कोनी इचारस का?" आणि मग त्याच रागात मला मोसंबी घेऊन दिलीस.

तू स्वतःही कधी विचारलं नाहीस. कळण्याची भाकरी थापता थापता तू थांबतेस, एक पिठाचा हात छातीवर, डोळे मिटलेले. मी जवळ आले की म्हणतेस, "माले काय व्हयनं? बठ्ठं बरं शे." तुझं नेहमी सगळं बरंच असायचं. डॉक्टरांनी अशक्तपणा म्हटला, टॉनिक दिलं, तू ते मुकाट्यानं संपवलंस. एका दुपारी 'जरा पडते' म्हणून आडवी झालीस, ती उठलीच नाहीस. लोक म्हणाले, काळजीनं गेली.

धुळ्याच्या डॉक्टर माझ्याहून लहान होत्या. माझ्या ईसीजीचे कागद बराच वेळ पाहत राहिल्या. मग विचारलं, "घरात कुणाला असा त्रास होता?"

"आईला."

"निदान काय झालं होतं?"

"झालंच नाही. हृदय कुणी तपासलंच नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग त्यांना हेच होतं, असं मी म्हणू शकत नाही."

माझं मन राखायला त्या काहीबाही बोलल्या नाहीत, याचं मला बरं वाटलं. मग मी विचारतच सुटले. पूर्ण भूल देतात का, किती दुखेल, टेबलावरच काही झालं तर? त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली. धोका थोडा आहे, पण आहे, हेही सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "मीही हेच करायला सांगेन. जळगावलाच करा, ते तुम्हाला ओळखतात."

मंगळवारी दाखल व्हायचंय. यांना मी सांगितलं, दोघांचं एकच मत पडलं, आता मन शांत आहे. ते खरं नाही. मी धुळ्याला मत घ्यायला गेलेच नव्हते. याची काही गरज नाही, असं कुणीतरी म्हणावं म्हणून गेले होते. आणि तसं कुणी म्हटलं असतं ना, आई, तर मी आनंदानं घरी आले असते आणि पुन्हा कुणालाच दाखवलं नसतं.