न्हाई म्हणायचा वर्ग

आबा, तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझा तुमच्यावरचा राग काही उतरत नाही.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. विमान कंपन्यांना डिस्पॅचर हवे होते. हवामान, इंधन, वजन बघून विमान सोडायचं की थांबवायचं, हे कप्तानाबरोबर ठरवणारा माणूस. खरं प्रशिक्षण मुंबईला. त्याआधी हवाई दलातून निवृत्त झालेले एक मास्तर सांगलीच्या विश्रामबागेत तोंडओळखीचा वर्ग घेत. सक्ती नव्हती, ज्याची मर्जी त्यानं यावं. तुम्ही 'मर्जी'लाच धरून बसलात. फौजेत मर्जीनं पुढं होणाऱ्याच्या हातात संडास खणायचं फावडं येतं, हे तुम्ही आपल्या पलूस गावभर सांगितलंत. वर म्हणालात, हवा बघायला सांगलीला कशाला, आपल्या मळ्यात काय हवा न्हाई? तुमच्यापुढं डोकं फोडून घ्यायचं तेवढं बाकी होतं. तरी कुरकुरत का होईना, जाऊ दिलंत.

मास्तरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, पुढं दाट धुकं आहे आणि कप्तान म्हणतोय निघायचं, तर तुम्ही काय म्हणाल? आम्ही एका सुरात म्हणालो, "व्हय साहेब." मास्तरांनी कपाळावर हात मारला. मोठ्या माणसापुढं मान डोलवायची सवय आमच्या हाडात मुरलेली. मग त्यांनी अभ्यास दिला: घरातल्या सगळ्यांत मोठ्या माणसाला एकदा तरी नाही म्हणून या. त्याच संध्याकाळी तुम्ही म्हणालात, उद्यापासनं वर्ग बंद, उसाची बांधणी हाय. मी म्हणालो, "न्हाई आबा. मी जाणार."  तुम्ही आईकरवी तेवढं विचारलंत, बापाला न्हाई म्हणायला शिकवतोय, ह्यो कसला मास्तर? मुंबईत पुढं नकाशे, वारे, इंधन सगळं शिकवलं. हे नाही म्हणणं मात्र तिथं कुणी शिकवलं नाही.

नोकरीतल्या पहिल्या रजेला घरी आलो, तेव्हा कृष्णा दुथडी भरलेली. बैलं पलीकडच्या मळ्यात अडकलेली, आणि तुम्ही गूळ करायची काहील पाण्यात लोटून तिच्यात बसायला निघालेला. पुरात आपल्याकडं काहिलीचीच नाव होते, मान्य. पण पाणी चढत होतं, वारा उलटा होता. मी आडवा आलो, न्हाई म्हणालो, ओरडून म्हणालो. तुम्ही हसलात. "हे काय तुझं आभाळातलं इमान हाय व्हय रं?" एवढं बोलून वल्हं मारलंत. पाणी उतरल्यावर बैलं आपली आपण घरी आली. तुम्ही आला नाहीत.

माझ्या नाहीवर कितीतरी कप्तान चिडले. टोपी आपटून, शिव्या देऊन शेवटी खुर्चीत बसले, चहा मागवला. दर वेळी मला तुमचाच संताप यायचा. तुम्हांलाही असं चिडून काठावर बसता आलं असतं की.

हे पत्र मी मधूनमधून काढतो आणि तसंच ठेवून देतो. तुमच्याशी भांडतोय तोवर तुम्ही समोर असता, म्हणून ते पुरं करवत नाही.